मगदूमांची दोन अँटेनांची डबी

"तिला सांग, तिचा अँटेना नापास झाला," मगदूम साहेब म्हणाले.

पद्मजाताई तिथंच बसलेल्या होत्या. साहेबांच्या टेबलापासून त्यांचं टेबल जेमतेम सहा फुटांवर. मी स्टुलावरून उठलो, सहा फूट चाललो आणि म्हणालो, "ताई, साहेब म्हणतायत, ट्रायलमध्ये जरा अडचण आली."

"ऐकलं मी. त्यांना सांग, नापास डबी झाली. डबीत दोन अँटेना आहेत. त्यातला एक त्यांचा आहे."

मी सहा फूट परत आलो. "साहेब, ताई म्हणतायत, दोन्हीकडनं बघायला पाहिजे."

"ऐकलं मी," साहेब म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

हीच माझी नोकरी होती. कागदावर मी टेस्टिंग असिस्टंट, नाव उमेश लोहार, वय सव्वीस. पण कारखान्यांच्या त्या सगळ्या उद्यमनगराला माहीत होतं की भूपाल मगदूम आणि त्यांची मुलगी एकमेकांशी बोलत नाहीत आणि त्यासाठी त्यांनी एक माणूस ठेवलाय. शेजारच्या फौंड्रीतले लोक मला 'टेलिफोन' म्हणायचे. मी राग मानत नव्हतो. फौंड्रीपेक्षा इथं धग कमी होती.

कोल्हापुरात घरोघर टीव्हीचे अँटेना उभे राहिले तेव्हा त्यातले निम्मे मगदूमांचे होते. केबल आली, डिशच्या छत्र्या आल्या, धंदा बसला; टीव्हीचे बूस्टर तेवढे खपत राहिले. मग मुलगी पुण्याहून बिनतारी यंत्रणेचं शिकून परत आली आणि वायरलेस इंटरनेटच्या डब्यांची कामं घ्यायला लागली. बापाचा हात आणि मुलीचं डोकं, दोन्ही नावाजलेली. दोन वर्षं बरी गेली. मग बेंगळुरूच्या एका संशोधन संस्थेतून ताईंना नेमणुकीचं पत्र आलं. ते कारखान्याच्या पत्त्यावर आलं, साहेबांच्या हाती पडलं, आणि साहेबांनी ते नऊ दिवस ड्रॉवरमध्ये ठेवलं. त्या वेळी मोठी ऑर्डर चालू होती. हजर व्हायची तारीख आठव्या दिवशी होती.

साहेबांचं म्हणणं, विसरलो. ताईंचं म्हणणं कुणालाच कळलं नाही, कारण त्या दिवसापासून त्या त्यांच्याशी बोलल्याच नाहीत. काम सोडलं नाही, घर सोडलं नाही. फक्त बोलणं सोडलं. साहेबही हट्टाला पेटले. त्याला तीन वर्षं झाली होती. घरी माझंच काम काकू, म्हणजे साहेबांच्या पत्नी, करायच्या, बिनपगारी.

मी कंत्राटावर होतो. दिवाळीत साहेबांनी मला बोलावून सांगितलं होतं, "एक एप्रिलपासून तुला कायम करतो. काळजी करू नको. ती जोवर माझ्याशी बोलत नाही, तोवर तुला इथनं कोण हलवतंय?" माझे वडील त्याच शेजारच्या फौंड्रीत साचे करून छाती खराब करून घरी बसलेले. मी घरी जाऊन सांगितलं की नोकरी कायम झाली. एप्रिलला पाच महिने बाकी होते, पण आईनं त्याच संध्याकाळी गल्लीत पेढे वाटून टाकले. त्यामुळे माझ्या बाजूनं विषय मिटला होता.

तर डबी. मार्च दोन हजार बाराची गोष्ट. तालुक्यातल्या एका साखर कारखान्याला आपली गावोगावची चाळीस गट ऑफिसं इंटरनेटनं जोडायची होती. तारा टाकायच्या तर निम्म्या उसात जायच्या आणि निम्म्या चोरीला. म्हणून बिनतारी डबी. तिच्यात दोन अँटेना, म्हणजे एकाच वेळी दोन वाटांनी माहिती जाणार आणि काम दुपटीनं होणार. अशा डब्या आम्ही आधीही केल्या होत्या, पण त्या हातभर लांब. कारखान्याचे इंजिनिअर शेळके म्हणाले, "एवढी मोठी नको ओ, पोरं दगड मारत्यात. चटणीच्या डब्याएवढी करा." झालं. दोन अँटेनांमधलं अंतर हातभराचं दोन बोटांवर आलं. एक अँटेना साहेबांनी करायचा, एक ताईंनी, हे नेहमीचंच.

अँटेना करणं म्हणजे नुसती पट्टी कापणं नव्हे. रेडिओ जी ताकद पाठवतो, ती अँटेनानं पुरती घेतली पाहिजे. घेतली नाही तर ती आल्या वाटेनं परत येते. ती परत येऊ नये म्हणून पट्टी घासायची, तिच्या मुळाशी तांदळाएवढे इलेक्ट्रॉनिक भाग बदलायचे आणि मीटरकडे बघत राहायचं. मीटरच्या पडद्यावर एक रेघ असते. आपल्याला हव्या त्या जागी तिच्यात खड्डा पडला की जमलं. खड्डा जितका खोल, तितकं परत येणं कमी. खड्डा खोल पडला म्हणून माणसं खूश होतात, अशी अख्ख्या कोल्हापुरात ती एकच जागा होती.

मीटर एकच, आणि ते दोन टेबलांच्या मधल्या बाकावर. सकाळी दहा ते एक साहेबांचं, दुपारी दोन ते पाच ताईंचं. साहेब बसायच्या आधी म्हणायचे, "तिचा काढ." मी डबीतून ताईंचा अँटेना उकलून ट्रेमध्ये ठेवायचो, कारण साहेब त्याला हात लावत नसत. दुपारी ताई म्हणायच्या, "त्यांचं सामान उचल." मी साहेबांचा उकलून दुसऱ्या ट्रेमध्ये. मीटरला जोडायला दोन तोंडं होती. दुसऱ्या तोंडावरची प्लॅस्टिकची टोपी तीन वर्षांत कुणी काढली नव्हती.

दोघांचेही खड्डे उत्तम पडले होते. साहेबांचा तर इतका खोल की त्यांनी त्याची छपाई काढून मला दिली आणि म्हणाले, "तिच्या टेबलावर सहज ठेव." मी सहज ठेवली. ताईंनी त्यावर चहाचा कप ठेवला.

आणि ट्रायलला डबी नापास झाली. दोन अँटेनांची ही नवी डबी कारखान्याच्या एका अँटेनाच्या जुन्या डबीपेक्षा हळू चालली. शेळके बराच वेळ लॅपटॉपकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मगदूम, तुम्ही दोन बैल जुंपलेत आणि गाडी मागं जातीया." सोमवारपर्यंत मुदत दिली. जमली तर ऑर्डर, नाही तर पुण्याची कंपनी तयारच होती.

तो गुरुवार. साहेबांनी नापास झाल्याचं खापर माझ्यामार्फत फोडलं ते मी आधी सांगितलंच.

शुक्रवारी सकाळी माझ्या हातून एक चूक झाली. वडिलांना दवाखान्यात सोडून धावतपळत आलो आणि ताईंचा अँटेना काढायचाच विसरलो. साहेबांनी मीटर चालू केलं, आणि त्यांचा तो नामांकित खड्डा गायब. नीट बघितलं तर तो सरकून भलतीकडेच गेला होता, आणि तिथंही उथळ.

"मीटर बिघडलं," साहेब म्हणाले.

मी ताईंचा अँटेना काढला. खड्डा जागेवर. परत लावला, खड्डा पसार. काढला, आला. लावला, गेला. मी शाळेत असल्यापासून मला पहिल्यांदाच काहीतरी स्वतःचं स्वतः कळत होतं. एक अँटेना बोलायला लागला की दोन बोटांवरचा दुसरा त्याची ताकद ओढून घेत होता. एकेकटे दोघंही गुणी. पण डबीत ते एकेकटे नव्हतेच. दोघांनाही एकमेकांसमोर बसवून, एकाच वेळी, दोघांचं मिळून जुळवायला पाहिजे होतं.

"साहेब," मी म्हणालो, "हे वेगवेगळं करून जमणार नाही. दोन्ही लावून एकदमच करायला पाहिजे."

"माहीत आहे," साहेब म्हणाले.

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. सहा फूट चाललो. "ताई, दोन्ही अँटेना लावून एकदम..."

"माहीत आहे, उमेश. कुठल्याही पुस्तकात पहिल्या दहा पानांत असतं ते."

"मग आपण दोन महिने हे काय करतोय?"

ताई समोरच्या कागदांची चळत सारखी करायला लागल्या. साहेब मागून म्हणाले, "यायचं असेल तर यावं म्हणावं मीटरपाशी. मी काय दार लावलंय?"

"बोलावलं तर येईन म्हणावं," ताई म्हणाल्या.

हे दोन्ही निरोप मी पोचवले. पोचवायची गरज नव्हती, पण पगार त्याचाच होता.

मी साहेबांना हळूच विचारलं, ऑर्डर गेली तर? ते म्हणाले, "गेली तर गेली. टीव्हीचे बूस्टर बंद पडत नाहीत. तू का घाबरतोस? तुझं चालूच राहणार." ते मला धीर देत होते. आणि ते खरंही होतं. डबी नापास झाली तर सगळं होतं तसंच राहणार आणि एक एप्रिलला मी कायम. डबी पास व्हायची तर या दोघांना एका बाकावर बसावं लागणार, आणि एका बाकावर बसून तीन तास मुक्यानं कुणी काम करू शकत नाही. मग सहा फूट चालणारा माणूस कशाला लागतो? मी काही हुशार नव्हतो, पण एवढं गणित मला येत होतं.

म्हणून शनिवारी सकाळी मी मधला रस्ता काढून बघितला. दोन्ही अँटेना डबीत लावले, मीटरच्या दुसऱ्या तोंडाची टोपी काढली, पडद्यावर दोन रेघा आणल्या. मग साहेबांना म्हणालो, या, घासा आणि जावा. साहेब आले, पट्टीला दोनदा कानस मारली, आपल्या खुर्चीत गेले. मग ताई आल्या, भाग बदलला, आपल्या खुर्चीत गेल्या. साहेबांनी आपला खड्डा जागेवर आणला की ताईंचा हलायचा. ताईंनी आपला आणला की साहेबांचा. अशा सतरा फेऱ्या झाल्या. सतराव्या फेरीला दोन्ही रेघा पहिल्या फेरीपेक्षा वाईट होत्या.

"तिला सांग, तिच्यामुळं माझं बिघडतंय," साहेब म्हणाले.

"त्यांना सांग, त्यांच्यामुळं माझं," ताई म्हणाल्या.

मी उठलो नाही.

"लोहार?"

मला राग आला होता. माझा स्वभाव रागीट नाही, त्यामुळे तो नक्की राग आहे का हे कळायला मला थोडा वेळ लागला. नोकरीचा, पेढ्यांचा, वडिलांच्या छातीचा, सगळ्याचा विचार त्या वेळी मनात होता. विसरलो वगैरे नव्हतो. पण ही दोन मोठी माणसं, दोघांना सगळं माहीत, आणि दोघंही त्या डबीला पाण्यात बुडताना बघत बसली होती.

"मी सांगणार नाही," मी म्हणालो. "आजपासून कुणाचं कुणाला काही सांगणार नाही. ही डबी, हे मीटर. तुमचं तुम्ही बघा. मी दारात बसतो." आणि स्टूल उचलून मी खरंच दारात जाऊन बसलो.

अर्धा तास कुणी हललं नाही. मला वाटलं, आता साहेब मला हाकलतील. ते उठले, पण माझ्याकडे न येता मीटरपाशी गेले आणि कानस घेऊन पट्टी घासायला लागले. थोड्या वेळानं ताईही उठल्या. त्या मीटरला आल्या नाहीत, मीटरच्या जवळच्या कपाटाशी आल्या आणि त्यात काहीतरी शोधायला लागल्या. कपाटात दोन वर्षांपूर्वीच्या दिनदर्शिका होत्या. त्या त्यांनी लक्षपूर्वक चाळल्या. पण डोळा पडद्यावर.

साहेब घासत होते. कानस एकदा, कानस दोनदा.

"बास!" ताई म्हणाल्या.

माझ्याकडे बघून नाही. साहेबांचा हात थांबला.

मग साहेब पट्टीकडेच बघत म्हणाले, "अजून केसभर जाईल."

"नाही. तुमचा जाईल, पण माझा सरकेल. तुमचा थोडा उथळच राहू द्या."

"उथळ?"

"दोघांचाही थोडा उथळ. पण एका जागी."

साहेबांनी चाळीस वर्षांत कधी उथळ खड्डा ठेवला नव्हता. त्यांनी कानस खाली ठेवली. "मग?" म्हणाले.

ताईंनी कपाट बंद केलं आणि बाकाच्या दुसऱ्या बाजूला बसल्या. दोघांच्या मुळांच्या मध्ये एक बारीक तार जोडायची, म्हणजे इकडून तिकडे हवेतून जी ताकद चोरून जाते तिला तारेतून उलटी पाठवून मारायची, असं काहीसं त्यांनी सांगितलं. तार किती लांब, हे हिशेबानं फक्त अंदाजे कळत होतं. बाकीचं हातानं. एकानं चिमट्यात धरायची, दुसऱ्यानं सोल्डरचा डाग द्यायचा. तीन वर्षं शाबूत राहिलेलं भांडण, पण एका माणसाला दोनच हात.

साहेबांनी तार धरली. ताईंनी डाग दिला. रेघा हलल्या. तोडली. पाव मिलिमीटर कमी. परत धरली.

"जरा डावीकडं."

"एवढं?"

"हं. नाही, परत."

असं चालू असताना साहेब एकदम म्हणाले, "पद्मा, ते पत्र मी..."

"आण्णा, हात हलवू नका."

साहेबांनी हात हलवला नाही. तसाच धरला. चिमटा त्यांच्या हातात गरम झाला असणार, पण त्यांनी सोडला नाही. ताईंनी मात्र आपला हात दुसऱ्या हातानं धरला. डाग बसला. मी दाराबाहेर बघायला लागलो. फौंड्रीत काही विशेष चाललेलं नव्हतं.

पावणेसातला फोन वाजला. मगदूमांच्या घरी सूर्य मावळायच्या आत जेवण होतं, चाळीस वर्षांचा नेम. काकूंचा आवाज घाबरलेला होता. "उमेश, दिवस बुडाला रे. ताटं वाढून बसलोय मी. हे दोघं कुठायत?"

"इथंच आहेत, काकू. बोलतायत."

पलीकडं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"कोण बोलतंय?"

"दोघं. एकमेकांशी."

"काय बोलतायत?"

मी आत बघितलं. "पाव मिलिमीटर."

"बरं," काकू म्हणाल्या. मग नाक ओढल्याचा आवाज आला. "बरं. बोलवू नको. बोलू दे. मी ताटं झाकून ठेवतो." आणि फोन ठेवला. त्या रात्री दोघंही उपाशी झोपले, असं मला नंतर कळलं. दिवस बुडाल्यावर जेवायचं नाही म्हणजे नाही.

सोमवारी शेळक्यांनी लॅपटॉप लावला, आकडा बघितला, परत लावला, परत बघितला. "आता दोन्ही बैल एका दिशेनं चाललेत," म्हणाले. चाळीस डब्यांची ऑर्डर त्याच दिवशी मिळाली.

पुढचे दोन आठवडे मी स्टुलावर बसून होतो. आधी ते नुसते आकडे बोलायचे. मग चहाचं. मग काकूंच्या गुडघ्याचं. एक दिवस साहेब म्हणाले, "लोहार, तिला सांग..." आणि थांबले, आणि मान वळवून स्वतःच सांगितलं. मला खूप वाईट वाटलं. खरं सांगतो, त्या क्षणी मी त्या दोघांच्या बोलण्यावर जळलो. ते असं बोलत नव्हते तेव्हा मी कुणीतरी होतो.

एकतीस मार्चला, माझं कंत्राट संपायच्या दिवशी, त्यांनी मला बाहेर थांबायला सांगितलं आणि आत भांडायला लागले. मोठ्यानं. एकमेकांशी. अर्धा तास. मी भिंतीला टेकून ऐकत होतो. दोघांनाही मला ठेवायचं होतं, पण काम काय द्यायचं हे दोघांनाही सुचत नव्हतं, आणि बसवून पगार देणं दोघांच्याही तत्त्वात बसत नव्हतं. यावर त्यांचं एकमत होतं. भांडण माझ्या अनुभवाच्या दाखल्यावरून होतं. साहेबांनी 'असिस्टंट' लिहिलं होतं. ताई म्हणत होत्या, 'टेस्ट इंजिनिअर' लिहा.

"अगं, तो डिप्लोमा पण झालेला नाही!"

"मग काय झालं? चूक कुणी शोधली? तुम्ही की मी?"

"आपल्याला माहीतच होती."

"माहीत असून काय केलं आपण, आण्णा?"

मग कागद टाइप करायचा आवाज आला.

त्या दाखल्यावर दोघांच्या सह्या आहेत, शेजारी शेजारी. मी तो घेऊन घरी गेलो. आईला काय सांगितलं ते सांगत नाही, पण पेढ्यांचा विषय घरात वर्षभर निघाला. पुढं त्याच दाखल्यावर मला पुण्यात काम मिळालं, आणि आता मीही अँटेनाच करतो. दरवेळी नव्या ठिकाणी मुलाखत घेणारा तो कागद बघून विचारतो, पहिली नोकरी का सोडली?

मी सांगतो, काम पूर्ण झालं.

ते वाट बघतात, मी पुढं काही सांगेन म्हणून. तेवढंच आहे.